खिशातला चाकू : घ्यावा कसा, वापरावा कसा, जपावा कसा



लावण, खत, पाणी, तोडणी या विषयांवर आम्ही या पत्रिकेतून वेळोवेळी लिहीत असतो. या अंकातला विषय लहान आहे, इतका लहान की खिशात मावतो. फडावर जाणाऱ्या बहुतेकांच्या खिशात किंवा बंडीच्या आतल्या कप्प्यात एखादा मिटता चाकू असतोच. सुतळी तोडायला, खताच्या पोत्याची शिवण उसवायला, ठिबकची नळी कापायला, बांधावर बसून कांदा चिरायला आणि उसाचं कांडं उभं फाडून आत काय चाललंय ते बघायला तो लागतो. कोयत्याला हंगामाआधी लोहाराचं दर्शन तरी घडतं. चाकूकडे मात्र तो बोथट होईपर्यंत कोणी बघत नाही आणि बोथट झाला की त्याच्यावरच चिडतात.

अलीकडे काही सभासदांच्या घरच्या तरुण मुलांना देशोदेशीचे साधे चाकू जमवायचा छंद लागलेला दिसतो. ती विचारतात, "साहेब, स्वस्तात चांगला कोणता?" प्रश्न रास्त आहे. पण छंदवाल्यांइतकाच तो ऊसवाल्यांचाही आहे. कारण खिशातल्या याच चाकूवरून एक रोग एका फडातून दुसऱ्या फडात जातो आणि खोडव्याचं टनेज खातो. म्हणून दोन्ही गोष्टी एकत्रच सांगतो.

मिटत्या चाकूचे तीन प्रकार

मिटत्या चाकूत तीनच गोष्टी असतात : पाते, मूठ आणि दोघांना जोडणारी खीळ. उघडलेले पाते जागेवर कशाने राहते, यावरून त्याचे तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार नुसत्या घट्टपणावर चालणारा. यात स्प्रिंग नाही, खटका नाही. खीळ घट्ट ठोकलेली असते, तेवढ्यावर पाते उभे राहते. बांधणी सगळ्यात सोपी, किंमत सगळ्यात कमी आणि बिघडायला आत काही नाही. खीळ सैल झाली तर ऐरणीवर एक ठोका दिला की भागते.

दुसरा प्रकार पाठीला स्प्रिंगची पट्टी असलेला. पाते उघडताना आणि मिटताना 'टक्' असा आवाज होतो. पट्टी पात्याला दाबून धरते, पण अडकवून ठेवत नाही. जोर उलटा पडला तर हे पाते बोटांवर मिटते.

तिसरा प्रकार अडसर असलेला. कडे फिरवून किंवा खटका पडून पाते पक्के बसते आणि अडसर काढल्याशिवाय मिटत नाही. जोराचे काम असेल तर हा बरा.

पहिल्या दोन प्रकारांच्या चाकूने टोकाने भोसकण्याचे, उचकटण्याचे काम कधी करू नये. बोट कापून दवाखान्यात जाणाऱ्यांचा घोळ बहुधा इथेच झालेला असतो.

देशोदेशीचे शेतकरी चाकू

जमवणाऱ्यांच्या तोंडी जी नावे असतात, त्यातली बरीचशी मुळात गरिबाघरच्या चाकूंची आहेत, ही ध्यानात घेण्यासारखी गोष्ट आहे.

फ्रान्समध्ये साव्हुआ नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथे जोसेफ ओपिनेल या अवजारे घडवणाऱ्याच्या मुलाने १८९० साली एक साधा चाकू केला : लाकडाची गोल मूठ, तिला एक खाच आणि त्यात मिटणारे पाते. गिऱ्हाईक म्हणजे आसपासचे शेतकरी, गुराखी, द्राक्षमळेवाले. १८९७ मध्ये त्याने एक ते बारा अशा बारा मापांत चाकू काढले. पुढे १ आणि ११ ही मापे बंद झाली. १९०९ मध्ये हाताचा पंजा आणि वर मुकुट अशी छाप नोंदवली. ती छाप आजही पात्यावर असते. १९५५ मध्ये मुठीच्या तोंडाशी फिरते कडे बसवले. ते फिरवले की पाते अडकते. आठ नंबरचे पाते साडेआठ सेंटिमीटरचे असते आणि रोजच्या कामाला तेच माप सोयीचे पडते. दोष एकच. मूठ लाकडी असल्याने पाण्यात भिजली की फुगते आणि पाते बाहेर काढताना नाकी नऊ येतात. मुठीला जवसाचे तेल चोळून मुरवले, तर हा त्रास बराच कमी होतो.

जपानमध्ये ह्योगो प्रांतात मिकी हे लोहारकामाचे जुने गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दहा वर्षांत तिथे 'हिगोनोकामी' नावाचा चाकू होऊ लागला. पत्र्याची दुमडलेली मूठ, चौकोनी वळणाचे पाते आणि पात्याच्या मागे बाहेर आलेली एक दांडी, जिला तिकडे 'चिकिरी' म्हणतात. अंगठ्याने दांडी दाबली की पाते उघडते आणि काम करताना अंगठा तिथेच दाबून ठेवायचा असतो. स्प्रिंग नाही, अडसर नाही. एके काळी तिकडच्या शाळकरी पोरांच्या दप्तरात पेन्सिलीला टोक करायला हाच चाकू असे. १९६० नंतर मुलांनी चाकू बाळगू नये अशी मोहीम झाली, टोकयंत्रे आली आणि कारागीर एकेक करून कमी झाले. आज नागाओ कानेकोमा या पेढीने ते नाव टिकवून धरले आहे.

फ्रान्समधल्याच थिएर या चाकूंच्या गावात १९२९ पासून 'डूक-डूक' नावाचा चाकू होतो. याचीही मूठ दुमडलेल्या पत्र्याची, पण पाठीला दणकट स्प्रिंग. लागिओल हे गाव तर एकोणिसाव्या शतकापासून चाकूसाठी नावाजलेले. पण इथे गिऱ्हाइकाने जपून राहावे. गावाचे नाव कोणीही वापरू लागल्यामुळे बाजारात 'लागिओल' म्हणून जे विकले जाते, त्यातले बरेच भलतीकडे झालेले असते. नुसते नाव वाचून पैसे देऊ नयेत. बियाण्याच्या पिशवीबाबत आम्ही जे नेहमी सांगतो, तेच इथेही खरे.

आपल्या देशात उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा खटक्याचा चाकू सिनेमामुळे घरोघरी माहीत झाला. कारागिरी नामांकित, यात शंका नाही. १९९० च्या दशकात साडेचार इंचांवरच्या पात्यांवर तिकडे बंदी आली आणि धंदा बसत गेला. जमवणाऱ्याने एखादा छोटा घ्यायला हरकत नाही, पण लांब, निमुळते, टोकदार पाते शेतकामाला कामाचे नाही. आपल्याला पोट भरलेले, टोकापेक्षा धारेने काम करणारे पाते पाहिजे.

पोलाद कोणते

पोलादाचे ढोबळ दोन प्रकार सांगता येतील : साधे कार्बन पोलाद आणि न गंजणारे, म्हणजे स्टेनलेस.

कार्बन पोलादाला धार लवकर लागते आणि घरच्या दगडावर लागते. पण ते गंजते. उसाचा ताजा रस थोडा आंबट असतो, त्याने ते डागाळते. कैरी, आवळा कापला तर काळे पडते. काळे पडणे म्हणजे खराब होणे नव्हे. तो काळसर-करडा थर पुढच्या गंजाला काही प्रमाणात अडवतो. लाल, खरखरीत गंज मात्र वेळीच काढला पाहिजे. राखेने किंवा बारीक पॉलिश कागदाने घासले की तो निघतो.

स्टेनलेसमध्ये क्रोमियम मिसळलेले असते, त्यामुळे ते सहज गंजत नाही. ठिबक, फवारणी, पाणी यांत ज्याचा हात सतत ओला, त्याला हे बरे. धार लावायला थोडा वेळ जास्त लागतो, इतकेच. फार स्वस्तात मिळणारे, आरशासारखे चकचकीत पण नरम पत्र्याचे चाकू दोन पोती उसवली की बसतात. ते 'स्टेनलेस' म्हणून घेऊ नयेत.

दुकानात एवढे तरी बघावे. पाते उघडून डावी-उजवीकडे हलवून पाहा, खुळखुळ नसावी. मिटल्यावर पाते मुठीच्या मधोमध बसावे आणि टोक बाहेर राहू नये. धारेकडून डोळ्यासमोर धरले तर पाते सरळ दिसावे. अडसर असेल तर तो लावून पाठीकडून हलका दाब द्या, पाते हलता कामा नये. या चार गोष्टी ठीक असतील, तर किंमत कमी आहे म्हणून नाक मुरडू नका.

धार

बोथट चाकू धोक्याचा असतो. तो कापत नाही म्हणून आपण जोर लावतो आणि जोर लावला की तो घसरतो.

निसणा दोन बाजूंचा घ्यावा, एक बाजू भरड आणि एक बारीक. पाण्याचा दगड असेल तर आधी भिजवावा. पाते दगडावर सपाट ठेवून पाठ थोडी उचलावी. पाते दोन सेंटिमीटर रुंद असेल, तर पाठ दगडापासून सुमारे सात मिलिमीटर वर राहावी, म्हणजे साधारण वीस अंशांचा कोन होतो. हिगोनोकामीचा उतार मात्र रुंद आणि सपाट असतो, तो दगडावर पूर्ण टेकवूनच घासायचा. एका बाजूने घासत राहिले की दुसऱ्या बाजूला बोटाला हलकी खरखर लागते. कड तिकडे मुरडली असा त्याचा अर्थ. मग बाजू बदलायची. शेवटी बारीक बाजूवर दोन्हीकडून हलक्या हाताने चार-चार हात मारायचे आणि जुन्या चामडी पट्ट्यावर पाते मागे ओढायचे. वर्तमानपत्राचा कागद न फाटता चिरला गेला की झाले.

विजेच्या चाकावर धार लावून देणारे बाजारात येतात. पटकन होते खरे, पण चाक तापते, पाते निळे पडते आणि त्या जागचे पाणी उतरते. लोहाराने दिलेले पाणी एकदा उतरले की धार टिकत नाही. चाकावर लावायचीच असेल, तर दर दोन-चार फेऱ्यांनी पाते पाण्यात बुडवायला सांगा.

फडात चाकूचं काम

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. पिकाची तपासणी करायला आमच्या शेतकी विभागाकडे चाकूइतके स्वस्त साधन दुसरे नाही.

कोवळ्या उसाचा मधला पोंगा वाळलेला दिसला तर तो ओढून पाहा. सहज निघून आला, त्याला घाण वास आला आणि बुंध्याशी कोंब सोलल्यावर अंगावर पाच जांभळट पट्टे असलेली अळी सापडली, तर तो खोडकिडा. मोठा ऊस मधूनच वाळत असेल तर कांडे उभे चिरा. आतला गर लाल, त्यात मधेमधे पांढरे आडवे पट्टे आणि आंबूस, दारूसारखा वास असेल, तर लाल कूज. हा रोग उत्तरेकडे जास्त आहे, पण परप्रांतातून बेणे आणणाऱ्यांनी सावध राहावे. गर मळकट तपकिरी-जांभळट होऊन आत पोकळ झाला असेल तर मर रोगाचा संशय घ्यावा. यातले काहीही दिसले की तोच ऊस घेऊन गट कार्यालयात यावे.

चाकूवरून जाणारा रोग

"खोडवा पडला" ही तक्रार आम्ही दरवर्षी ऐकतो. पाणी दिलं, खत दिलं, तरी कांड्या आखूड, ऊस बारीक. दोष कधी पाण्याला दिला जातो, कधी जमिनीला, कधी वाणाला. बऱ्याच वेळा ती कारणे खरीही असतात. पण एक कारण डोळ्यांना दिसत नाही म्हणून सुटून जाते. ते म्हणजे खोडवा खुजा रोग.

हा रोग प्रथम ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये १९४४-४५ च्या सुमारास ओळखला गेला. तो एका सूक्ष्म जिवाणूमुळे होतो. उसाच्या ज्या नळ्यांतून मुळांचे पाणी वर चढते, त्या नळ्यांत हा जिवाणू राहतो. पानावर ठिपका नाही, काजळी नाही, वास नाही. ऊस फक्त खुजा राहतो. पाण्याचा ताण पडला की नुकसान वाढते आणि लावणीपेक्षा खोडव्यात ते जास्त दिसते. पक्व उसाची कांडी गाठीजवळ धारदार चाकूने पातळ उभी कापली, तर कधी कधी गाठीच्या बुडाशी नारिंगी-तांबूस बारीक ठिपके किंवा स्वल्पविरामासारख्या रेघा दिसतात. नेहमी दिसतातच असे नाही, म्हणून ठिपके नाहीत तर रोग नाही, असे समजू नये. खात्री प्रयोगशाळेतच होते.

हा रोग पसरतो दोन वाटांनी : रोगट बेण्यातून आणि कापणाऱ्या पात्यावरच्या रसातून. रोगट ऊस कापला की रस पात्याला लागतो. त्याच पात्याने पुढचा निरोगी ऊस किंवा टिपरी कापली की जिवाणू तिच्या उघड्या नळ्यांत शिरतो. तोडणीचा कोयताही हेच करतो. फडाचा बुडखा कापला जातो आणि त्याच बुडख्यातून पुढे खोडवा फुटतो. एका सभासदांनी आम्हाला विचारलं, "म्हंजे धारीनं रोग जातोय व्हय?" होय, धारीनंच जातो. शेजाऱ्याच्या फडात ऊस चिरून बघितला, चाकू धोतराला पुसला आणि आपल्या बेणेमळ्यात येऊन टिपरी कापली, एवढं पुरतं.

पानावरचा चट्टा रोग, ज्यात पानावर शिरेलगत पांढरी पेन्सिलीसारखी रेघ दिसते, तोही जिवाणूचाच आणि तोही पात्यावरून जातो.

यावर औषध फवारून उपाय नाही. उपाय आहे तो बेण्यात आणि पात्यात. बेण्यासाठी उष्ण पाण्याची प्रक्रिया, ५० अंश सेल्सिअसला दोन तास, किंवा बाष्पयुक्त उष्ण हवेची ५४ अंशांची प्रक्रिया करून मूलभूत, पायाभूत आणि प्रमाणित अशा तीन पायऱ्यांनी बेणे वाढवतात. असे बेणे घेऊन ते रोगट चाकूने कापले, तर सगळा खर्च पाण्यात.

पात्यासाठी करायचे ते असे. आधी पाते पाण्याने धुऊन रस आणि चिखल पूर्ण काढा, कारण रसाच्या थराखाली जिवाणू सुरक्षित राहतो. मग सत्तर टक्के स्पिरिटमध्ये निदान पाच मिनिटे बुडवून ठेवा, किंवा उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवा. स्पिरिट पेट घेते. जवळ विडी-काडी नको आणि डबा मुलांच्या हाती लागू देऊ नका. पाते चुलीच्या जाळावर धरून लाल करणारे काही आहेत. रोग मरतो खरा, पण पात्याचे पाणीही उतरते. उकळत्या पाण्याने तसे होत नाही.

दोन चाकू ठेवणे इथे उपयोगी पडते. एक भिजत असताना दुसरा हातात असतो आणि काम थांबत नाही. पण बेणे तोडायला मिटता चाकू वापरूच नका. सांध्याच्या खाचेत रस साचतो आणि तिथे स्पिरिट नीट पोचत नाही. बेण्यासाठी अखंड पात्याचा कोयता वेगळा ठेवा आणि त्याच्या मुठीला रंगाची पट्टी मारा. मिटता चाकू फक्त तपासणीसाठी. तोही पूर्ण उघडून सांध्यासकट बुडवायचा. या कामाला पत्र्याच्या मुठीचा स्वस्त चाकू लाकडी मुठीपेक्षा सरस, कारण तो फुगत नाही. मात्र बाहेर काढल्यावर कोरडा पुसून सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडा. गोडेतेल सांध्यात घालू नका, ते काही दिवसांनी चिकट होते.

छंद करणाऱ्यांसाठी

रोजच्या वापरातल्या वस्तूही जपण्यासारख्या असतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते मांडून ठेवले आहेत, ते सवडीने बघून यावे. कोणी तरी सुपारी कातरून फेकून दिलेली वस्तू कोणी तरी उचलून जपली, म्हणून ती आज दिसते. आपल्याही माळ्यावर आजोबांचा चाकू, गावच्या लोहाराने जुन्या कानशीचा केलेला सुरा असेल. परदेशी चाकू मागवण्याआधी तो शोधा. गंज काढा, पण चकाकी आणायला यंत्रावर घासू नका. घडवणाऱ्याची छाप, ठोक्यांच्या खुणा त्यात निघून जातात. कोणी केला, कोणाचा होता, कशाला वापरायचे, एवढे चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. चामडी म्यानात फार दिवस ठेवू नका, चामडे ओल धरते आणि पाते गंजते. पाच चांगले चाकू नीट ठेवले, तर ते पन्नास गंजक्यांपेक्षा मोलाचे.

कायद्याचे भान

शस्त्र नियमांनी नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यावर बंधन घातले आहे. घरकामाची आणि शेतीची अवजारे त्यातून वगळली आहेत. तरी शेतावरचा चाकू शेतावरच शोभतो. निवडणूक, यात्रा, मिरवणूक यांच्या काळात पोलिसांचा शस्त्रबंदीचा आदेश निघतो, तेव्हा सुरा-चाकू बाळगणे महागात पडते. विमानात तो जवळच्या पिशवीत चालत नाही. कारखान्यावर, सभेला, देवळात जाताना घरी ठेवून जावे.

थोडक्यात

१) चाकू घेताना नाव बघू नका. सांधा, पाते आणि अडसर बघा.
२) अडसर नसलेल्या चाकूने भोसकू नका, उचकटू नका.
३) कापताना धार अंगाकडे नको. मिटवताना बोटे खाचेबाहेर ठेवा.
४) रोज पुसा, आठवड्याला तेल, गरजेनुसार धार.
५) एका फडातून दुसऱ्या फडात जाताना चाकू आधी धुवा, मग स्पिरिटमध्ये बुडवा.
६) बेण्याचा कोयता वेगळा आणि निर्जंतुक ठेवा.
७) शेतात कापले तर जखम धुऊन दवाखान्यात जा, धनुर्वाताची लस घ्या.

येत्या लावणीत बेणे तोडायला बसण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने हत्यारे एकदा तपासून घ्यावीत. ज्यांच्या खोडव्यात खुजेपणा दिसतो आहे, त्यांनी गट कार्यालयात नोंद करावी. आमचे कर्मचारी येऊन पाहणी करतील. ते आले की त्यांच्याही चाकूची विचारपूस जरूर करा. आम्हाला राग येणार नाही.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग